आघातोत्तर ताण विकार, आनुवंशिकता आणि भरपाईचा प्रश्न : किल्लारी भूकंपाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांच्या अवधीत सात बॉम्बस्फोट झाले. त्यांपैकी एक जोगेश्वरीला व एक बोरिवलीला झाला. गोरेगाव या दोहोंच्या मधले. (राममंदिर स्थानक तेव्हा नव्हते, जोगेश्वरीनंतर थेट गोरेगावच येत असे.) १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, शेकडो जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा धावू लागल्या. वृत्तपत्रांनी मुंबईकरांच्या धैर्याचे गोडवे गायले. तथापि ‘मुंबईकर’ या एकवचनी नामाखाली एक वस्तुस्थिती झाकली गेली, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. एकाच डब्यातून वाचलेल्या दोघांपैकी एकजण महिन्याभरात पूर्ववत कामावर जातो आणि दुसरा वर्षानुवर्षे फलाटावर पाऊल ठेवू शकत नाही, त्याला झोप लागत नाही, मोठा आवाज होताच त्याचे अंग थरथरते, असे प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर घडते. या दुसऱ्या अवस्थेला मनोविकारशास्त्र ‘आघातोत्तर ताण विकार’ म्हणते. डॉक्टरांच्या तोंडी त्याचे ‘पीटीएसडी’ असे आद्याक्षरी नाव असते.

आघात एकच असता परिणाम दोन का? पहिल्या महायुद्धावरील तासाला प्रस्तुत लेखकाला एका विद्यार्थिनीने हाच प्रश्न साध्या शब्दांत विचारला होता : ‘‘सर, जे सैनिक कोलमडले ते मुळातच कच्चे होते का?’’ प्रश्न निरागस होता, परंतु त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो इतिहास निरागस नाही. ‘मुळातच कच्चा’ हे उत्तर ज्या ज्या वेळी दिले गेले, त्या त्या वेळी बहुधा कोणाला तरी पैसे द्यायचे होते आणि ते देण्याची इच्छा नव्हती. आजचे जनुकशास्त्र या प्रश्नाचे वेगळे उत्तर देते. ते उत्तर महाराष्ट्रात कसे वाचले जावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रेल्वे, निमित्त आणि मूळ प्रकृती

मानसिक आघाताच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ युद्धभूमीवर नव्हे, तर रेल्वेच्या रुळांवर झाला. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्यानंतर तेरा वर्षांनी, १८६६ मध्ये, लंडनमधील शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातातून बाहेरून धडधाकट निघालेल्या, पण पुढे खचत गेलेल्या प्रवाशांची लक्षणे आपल्या व्याख्यानांतून मांडली. मणक्याला बसलेला हादरा हे त्यांच्या मते कारण होते. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी त्याचे खंडन केले आणि मणक्याऐवजी भीती व मज्जातंतूंचा धक्का यांवर भर दिला. पेज हे एका मोठ्या रेल्वे कंपनीचे वैद्यकीय सल्लागार होते, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्यांचे निदान एरिक्सन यांच्यापेक्षा आजच्या समजुतीला अधिक जवळचे आहे. पण मणका दुखावला असेल तर कंपनी देणे लागते आणि मन दुखावले असेल तर त्यावर वाद घालता येतो, हेही तितकेच खरे होते.

हा वाद न्यायालयात गेला. १८८८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया रेल्वेविरुद्धच्या एका दाव्यात, फाटकाच्या चुकीमुळे गाडीखाली येता येता वाचलेल्या स्त्रीला बसलेल्या मानसिक धक्क्याची भरपाई नाकारली. प्रिव्ही कौन्सिल ही त्या काळी हिंदुस्थानचीही सर्वोच्च न्यायपीठिका होती, हे विसरून चालणार नाही. १९०१ मध्ये मात्र इंग्लंडच्या एका न्यायालयाने वेगळी दिशा धरली. घोडागाडी एका मद्यगृहात घुसल्यामुळे तेथे काम करणाऱ्या गर्भवती स्त्रीला धक्का बसला होता. या खटल्यात न्यायमूर्ती केनेडी यांनी असे तत्त्व मांडले की, ज्याला इजा झाली त्याची कवटी मुळात पातळ होती किंवा हृदय मुळात दुबळे होते, ही सबब इजा करणाऱ्याला सांगता येणार नाही. पुढील शंभर वर्षांच्या वादात वैद्यकशास्त्र एका बाजूला आणि हे साधे न्यायतत्त्व दुसऱ्या बाजूला, असे चित्र वारंवार दिसते.

वैद्यकशास्त्राची बाजू पॅरिसमध्ये झां-मार्तँ शार्को यांनी भक्कम केली. अपघातानंतर अर्धांग लुळे पडलेले कामगार त्यांनी तपासले आणि लक्षणे खरी आहेत, ढोंग नाही, असे ठामपणे सांगितले. ही त्यांची थोर कामगिरी होय. परंतु त्याच दमात त्यांनी असेही म्हटले की, मूळ कारण घराण्यातील आनुवंशिक मज्जादोष आहे. अपघात हे केवळ निमित्त. ‘निमित्त’ हा आपल्याकडील रोजच्या व्यवहारातील शब्द येथे नेमका बसतो. माणूस गेला की आपणही ‘तापाचे निमित्त झाले’ असे म्हणतो आणि तापाला दोषमुक्त करतो.

पहिल्या महायुद्धात हा विचार राज्ययंत्रणेच्या हाती गेला. ब्रिटनमध्ये फ्रेडरिक मॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलमडलेल्या सैनिकांच्या घराण्यांत पूर्वी कोणाला वेड, फेफरे वा दारूचे व्यसन होते काय, याच्या नोंदी केल्या. हिंदी सैनिकांच्या बाबतीत घराण्याची चौकशी करण्याचीही गरज भासली नाही. तेथे ‘लढाऊ जमाती’चा सिद्धान्त आधीच तयार होता. १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात सहाव्या (पुणे) डिव्हिजनबरोबर कूट येथे वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर त्यांतील जवान कैदेत गेले. धैर्य आणि भीती दोन्ही जातीच्या रक्तात असतात, अशीच त्या सिद्धान्ताची धारणा होती. त्यामुळे व्यक्तीच्या मनाचा स्वतंत्र इतिहास लिहिण्याचे कारणच उरले नाही. गोऱ्या सैनिकाला निदान कुटुंबाचा वारसा होता. हिंदी सैनिकाला फक्त जमातीचा.

जर्मनीने या विचाराचा शेवट गाठला. १९२६ मध्ये तेथील सर्वोच्च विमा प्राधिकरणाने आघातजन्य मज्जाविकार हे भरपाईस पात्र नाहीत, असा निर्णय दिला. मूळ प्रकृती दुबळी आणि निवृत्तिवेतनाची अभिलाषा, ही त्याची दोन कारणे मानली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने नाझी छळाच्या बळींसाठी १९५६ मध्ये भरपाईचा कायदा केला. तेव्हाही छळछावण्यांतून वाचलेल्यांचे अर्ज तपासणारे अनेक वैद्यकीय तज्ज्ञ याच शिकवणुकीत वाढलेले होते. अर्जदाराचे आईवडील व मुले मारली गेली आहेत हे मान्य करूनही त्याचे नैराश्य ‘प्रकृतिजन्य’ ठरवून अर्ज फेटाळले गेले. १९६३ मध्ये मनोविश्लेषक कुर्ट आयस्लर यांनी या अहवालांवर अत्यंत उपरोधिक लेख लिहिला. हा घोळ मिटला तो आनुवंशिकतेचा शास्त्रीय निर्णय लागल्यामुळे नव्हे. १९६५ च्या सुधारणेने पुराव्याचा भार हलवला : छळछावणीत किमान एक वर्ष काढलेल्या व्यक्तीची प्रकृतिहानी छळामुळेच झाली, असे गृहीत धरावे असे ठरले. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत शहाणा क्षण होय, आणि तो प्रयोगशाळेत नव्हे, कायदेमंडळात आला.

जुळ्यांचा पुरावा

अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेत हा विकार प्रथम समाविष्ट केला तेव्हा व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा दबाव त्यामागे होता. त्यामुळे व्याख्या मुद्दाम अशी केली गेली की, आघात इतका तीव्र असावा की जवळजवळ कोणीही माणूस त्याने व्यथित होईल. शार्को यांना दिलेले हे उत्तर होते. घराण्याचा प्रश्नच त्यातून वगळला. परंतु पुढे लोकसंख्येची पाहणी झाली तेव्हा ते टिकले नाही. १९९५ च्या अमेरिकन राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून अधिक स्त्रीपुरुषांनी आयुष्यात एखादा गंभीर आघात अनुभवला होता. हा विकार मात्र ७.८ टक्क्यांनाच कधीतरी जडला होता. मग बाकीचे कसे सावरले? वगळलेला प्रश्न मागच्या दाराने परत आला.

त्याचे पहिले भक्कम उत्तर १९९३ च्या एप्रिलमध्ये विल्यम ट्रू व सहकाऱ्यांनी दिले. व्हिएतनामच्या काळात सैन्यात असलेल्या ४,०४२ जुळ्या भावांच्या जोड्यांचा त्यांनी अभ्यास केला. समरूप जुळे आणि साधे जुळे यांची तुलना करून, युद्धाचा प्रत्यक्ष अनुभव वजा केल्यावरही, लक्षणांतील फरकाचा १३ ते ३४ टक्के भाग आनुवंशिक घटकांशी निगडित असल्याचे त्यांना आढळले. २००२ मध्ये मार्क गिल्बर्टसन व सहकाऱ्यांनी आणखी एक पेच सोडवला. विकारग्रस्त सैनिकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी संबंधित भाग लहान असतो, हे ठाऊक होते. तो आघाताने आक्रसला असावा असा समज होता. युद्धावर न गेलेल्या त्यांच्या समरूप जुळ्या भावांमध्येही तो भाग लहानच आढळला. म्हणजे निदान काही प्रमाणात ते आधीचेच लक्षण होते.

त्यानंतर एकेका जनुकाचा शोध घेण्याची लाट आली आणि बरीचशी ओसरलीही. आता चित्र असे आहे : २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १२ लाखांहून अधिक व्यक्तींच्या (पैकी १,३७,१३६ विकारग्रस्त) जनुकीय माहितीतून ९५ स्थाने निश्चित करण्यात आली. प्रत्येक स्थानाचा वाटा अतिशय लहान आहे. ‘आघाताचे जनुक’ असे काही नाही. असंख्य सूक्ष्म झुकाव आहेत आणि त्यांतील बरेच नैराश्याच्या झुकावांशी सामाईक आहेत. या अभ्यासातील बहुसंख्य व्यक्ती युरोपीय वंशाच्या होत्या, त्याखालोखाल आफ्रिकी व लॅटिन अमेरिकी. दक्षिण आशियाई समूह या मोजणीत जवळपास नाहीतच.

किल्लारी आणि ग्युमरी

रेल्वेच्या डब्यात परके लोक शेजारी बसतात. त्यामुळे ११ जुलैच्या स्फोटांतून आनुवंशिकतेविषयी काहीच शिकता येत नाही. त्यासाठी एकाच आघाताला एकत्र सामोरी गेलेली, दोन-तीन पिढ्यांची कुटुंबे लागतात. महाराष्ट्रात अशी कुटुंबे आहेत, आणि ती ज्या वर्षी त्या आघाताला सामोरी गेली ते वर्षही ट्रू यांच्या निबंधाचेच, म्हणजे १९९३.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमाभागात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. माणसे थकून झोपली होती. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद अशी घरे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यानंतर लवकरच प्रताप शरण व सहकाऱ्यांनी ४६ बचावलेल्यांची मनोविकारशास्त्रीय तपासणी केली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या टिपणानुसार ५९ टक्के व्यक्तींमध्ये निदान करण्याजोगा मनोविकार होता, त्यांत आघातोत्तर ताण विकार व नैराश्य हे प्रमुख. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनेही, डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने, या भागात मानसिक आरोग्याचे काम केले. हे सर्व काम मोलाचे आहे, पण त्याचा विषय आनुवंशिकता हा नव्हता.

तो विषय घेतला गेला दुसऱ्या एका भूकंपात. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियातील स्पिटाक व ग्युमरी परिसर उद्ध्वस्त झाला. किमान २५,००० बळी गेले. आर्मेन गोएन्जियान व सहकाऱ्यांनी तेथील १२ बहुपिढी कुटुंबांतील २०० व्यक्तींचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. आघाताची तीव्रता, वय व लिंग यांचा हिशोब केल्यावर या विकाराच्या लक्षणांत आनुवंशिकतेचे प्रमाण ४१ टक्के, चिंतेत ६१ आणि नैराश्यात ६६ टक्के असे त्यांना आढळले.

या आकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे, कारण येथेच जुना घोळ पुन्हा शिरतो. ४१ टक्के याचा अर्थ अमुक व्यक्तीच्या आजाराचा ४१ टक्के भाग घराण्यातून आला, असा मुळीच नाही. त्या समूहात, त्या परिस्थितीत, माणसामाणसांत जो फरक दिसला त्यापैकी तेवढा फरक जनुकीय फरकाशी जुळतो, एवढेच तो आकडा सांगतो. परिस्थिती बदलली की आकडा बदलतो. सर्वांना समान मदत मिळाली तर उरलेला फरक अधिक प्रमाणात जनुकीय दिसेल; मदत विषम असेल तर कमी.

ग्युमरीचा भूकंप सकाळी साडेअकराच्या सुमारास झाला. मुले शाळेत, बाप कारखान्यात, आजी घरी. एकाच कुटुंबातील व्यक्तींनी निरनिराळे दृश्य पाहिले. किल्लारीत सारे कुटुंब एकाच माळवदाखाली होते. आघाताची समानता तेथे अधिक होती, म्हणून अभ्यासाच्या दृष्टीने किल्लारी परिसर ग्युमरीपेक्षाही उपयुक्त ठरला असता, असे प्रथमदर्शनी वाटते. पण दोन अडचणी आहेत, आणि दोन्ही आपल्या समाजरचनेतून आलेल्या आहेत.

पहिली अडचण नातेसंबंधांची. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेच्या व दक्षिणेच्या नातेव्यवस्थांचा संगमप्रदेश असल्याचे दाखवले होते. मामाच्या मुलीशी लग्न मराठवाड्यातील अनेक समाजांत रीतसर मानले जाते. अशा गावात आत्या ही सासूही असते आणि वंशावळीत दूरचे दिसणारे दोघे प्रत्यक्षात बरेच जवळचे रक्तसंबंधी असतात. त्यात जातीअंतर्गत विवाहामुळे अनेक भारतीय समूहांत थोड्या पूर्वजांपासून वाढ झाल्याची जनुकीय खूण उमटलेली आहे, असे हैदराबादच्या के. थंगराज व अमेरिकेच्या डेव्हिड राइश यांच्या २००९ मधील संशोधनाने दाखवले. युरोपीय समूहावर तयार झालेली जोखीममोजणी येथे जशीच्या तशी लावणे म्हणजे परगावच्या मापाने आपले शेत मोजणे होय. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने ८३ समूहांतील सुमारे १०,००० व्यक्तींची माहिती २०२५ च्या आरंभी संशोधकांना खुली केली, ही आशादायक बाब आहे. पण त्या माहितीला आघाताचा इतिहास जोडलेला नाही.

दुसरी अडचण प्रस्तुत लेखकाला अधिक महत्त्वाची वाटते. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेनुसार ठरले : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५०. म्हणजे आघातानंतर माणूस कोणत्या छपराखाली सावरणार, हे सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून ठरले. आणि सातबारा हाही वडिलोपार्जितच असतो. जमीन आणि जनुके एकाच वाटेने, बापाकडून मुलाकडे आली. ज्या घराण्यात विकार अधिक दिसतो ते घराणे मनाने हळवे आहे की अडीचशे फुटांत कोंबलेले आहे, हे वंशावळ पाहून सांगता येत नाही. ग्युमरीचे संशोधक आघाताची तीव्रता वजा करतात. किल्लारीत आघातानंतरची तीस वर्षेही वजा करावी लागतील.

भरपाईचा प्रश्न

आपल्या कायद्यात हा प्रश्न कोठे उभा आहे? रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार अतिरेकी हल्ला ही ‘अनुचित घटना’ असून तिची भरपाई रेल्वेने द्यावयाची आहे. मृत्यूसाठीची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ४ लाखांवरून ८ लाख रुपये झाली. परंतु भरपाईची अनुसूची हात, पाय, डोळे, कान अशा अवयवांनुसार रचलेली आहे. एरिक्सन यांनी मणक्याचा आग्रह का धरला असावा, हे ती वाचताना उमजते.

लष्करात हा वाद अधिक उघड आहे. वैद्यकीय मंडळाने आजार ‘प्रकृतिजन्य’ ठरवला की अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले जाते, अशी प्रकरणे न्यायालयांपुढे वारंवार आली. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या अपस्माराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो सेवेमुळेच उद्भवला असे गृहीत धरावे. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. १९६५ च्या जर्मन सुधारणेशी या निर्णयाचे साम्य लक्षणीय आहे. विम्याच्या क्षेत्रात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘आनुवंशिक विकार’ असे सरसकट कलम घालून दावे नाकारणे घटनाबाह्य ठरवले, आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मनोविकारांसाठी शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे बंधनकारक केले.

कायदा अशा रीतीने पुढे गेला असला तरी सोयरीक जमवणारी मंडळी कायदा वाचत नाहीत. ‘घराणे पाहणे’ या प्रथेत घरात कोणाला वेड होते काय, ही चौकशी आजही दबक्या आवाजात होते. भूकंपग्रस्त गावातील एखाद्या कुटुंबाच्या रक्ताचे नमुने संशोधकांनी घेतले आणि त्याचा निष्कर्ष पाहुण्यारावळ्यांत पोहोचला, तर त्याची किंमत त्या घरातील मुली मोजतील. म्हणून असा अभ्यास करूच नये असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. हा विकार कोणाला होण्याची शक्यता अधिक, हे आधी कळले तर पुढील भूकंपानंतर कोणत्या घरी आरोग्यसेविकेने पहिल्याच आठवड्यात जावे, हे ठरवता येईल. मात्र नमुना घेण्यापूर्वी कुटुंबाची नावे व गावाची ओळख कोणाच्या ताब्यात राहील, याचा निर्णय गावकऱ्यांसमक्ष झाला पाहिजे.

या कामात इतिहासाच्या अध्यापकांना एक निश्चित जागा आहे. जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या प्रत्येक अभ्यासाची मदार आघाताच्या अचूक मोजमापावर असते, आणि ते रक्तात सापडत नाही. त्या पहाटे कोण ढाळजेत झोपले होते, कोण माजघरात, कोणाला किती वेळाने बाहेर काढले, शेजारी कोण मेलेले होते, पुढे कोणाला किती फुटांचे घर मिळाले, ही माहिती केवळ सांगणाऱ्यांच्या स्मरणात आहे. १९९३ साली चाळिशीत असलेली माणसे आता सत्तरी ओलांडून गेली आहेत; तेव्हाच्या लहान मुलांची मुले आज लातूर, पुणे, मुंबईच्या महाविद्यालयांत शिकत आहेत, काही आपल्याच वर्गांत बसलेली असतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना त्यांच्याबरोबर एक प्रश्नावली आणि एक ध्वनिमुद्रक देता येईल.